मज्जारज्जूची इजा झालेल्यांसाठी संगणकाची साधने : निवड कशी करावी?

आंब्याच्या झाडावरून पडणे, बांधकामाच्या परातीवरून तोल जाणे, विहिरीत किंवा उथळ पाण्यात सूर मारणे, रस्त्यावरील अपघात, डोक्यावर जड ओझे असताना पाय घसरणे अशा कारणांनी दरवर्षी अनेकांच्या मानेला वा पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत होते. कण्याच्या आतून मेंदूपासून खाली जाणारा जो मज्जारज्जू आहे, त्याला इजा झाली म्हणजे इजेच्या खालच्या भागातील शक्ती व संवेदना पूर्णतः किंवा अंशतः नाहीशा होतात. जगात अशा अवस्थेत जीवन कंठणाऱ्या व्यक्तींची संख्या दीड कोटीहून अधिक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये नमूद केले आहे.

या इजेने हातपाय दुबळे होतात. परंतु बुद्धी, स्मरण, निर्णयशक्ती आणि अनुभव यांना तिचा धक्का लागत नाही. बहुतेकांची वाणीही शाबूत राहते. कालपर्यंत हिशेब लिहिणारा कारकून, वर्गात गणित शिकविणारा शिक्षक किंवा दहावीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थी अपघातानंतरही तोच असतो. तरीही असा मनुष्य वर्षानुवर्षे खाटेवर निरुद्योगी पडून राहतो, याचे एक कारण असे की लेखणी धरणारा हात गेला म्हणजे काम करण्याची पात्रताही गेली, असे घरचे, कचेरीतले आणि कित्येकदा तो स्वतःही मानू लागतो.

संगणकाने ही समजूत खोटी ठरविली आहे. पत्रव्यवहार, जमाखर्च, अभ्यास, बँकेचे व्यवहार, अर्ज व दाखले ही सर्व कामे आज संगणकावर किंवा मोबाइल फोनवर होतात. अडचण एवढीच की, कळफलक आणि माउस ही दोन्ही साधने दहा बोटे चालतात असे गृहीत धरून बनविलेली आहेत. संगणकाला आपले म्हणणे ज्याच्या द्वारे कळवावयाचे ते साधन बदलता येते. ते कसे निवडावे, याचे विवेचन या लेखात केले आहे. त्यातील मुख्य सूत्र सुरुवातीसच सांगितलेले बरे : साधन पाहून माणसाला त्यात बसवू नये, माणसाची उरलेली खात्रीची हालचाल आणि त्याला करावयाचे काम पाहून साधन ठरवावे.

इजा कोठे झाली, हे प्रथम पाहावे

मज्जारज्जूची इजा जितकी वर, तितकी हानी अधिक, असा सर्वसाधारण नियम आहे. पाठीच्या किंवा कमरेच्या भागात इजा झाली तर पाय जातात, पण हात चांगले राहतात. १९६५ च्या युद्धात जखमी होऊन कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्याचे श्री. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले, ते हातांच्या बळावर. अशा व्यक्तीला वेगळ्या कळफलकाची गरज नसते. चाकाची खुर्ची मेजाखाली नीट शिरेल एवढी उंची आणि बसण्याची चांगली व्यवस्था झाली म्हणजे पुरते.

मानेच्या इजेत मात्र स्तरागणिक चित्र बदलते. वैद्यकीय अहवालात हे स्तर सी-१ ते सी-८ अशा खुणांनी लिहिलेले असतात. सी-३ किंवा त्यावर पूर्ण इजा झाली असता मान, चेहरा व डोळे यांचाच आधार उरतो आणि श्वासासाठीही यंत्राची मदत लागू शकते. सी-४ मध्ये मान चांगली वळते व खांदे उचलता येतात. सी-५ मध्ये खांदा हलतो व कोपर वाकविता येते. पण मनगट आणि बोटे चालत नाहीत. सी-६ मध्ये मनगट वर उचलता येते. ते उचलले की बोटे आपोआप किंचित आत वळतात आणि अंगठा तर्जनीस टेकतो. ही पकड हलकी असली तरी फार उपयोगी असते. सी-७ मध्ये कोपर सरळ करता येते आणि सी-८ मध्ये बोटे मिटण्याची शक्ती बऱ्याच अंशी राहते.

हा केवळ नकाशा आहे. एकाच स्तराच्या दोन व्यक्तींमध्येही मोठे अंतर पडते. कारण इजा पूर्ण आहे की अपूर्ण, आकडी किती येते, सांधे आखडले आहेत काय, वेदना किती आहेत, यांवर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून अहवालातील अक्षर व आकडा पाहून साधन मागवू नये. व्यवसायोपचारतज्ज्ञाने प्रत्यक्ष तपासून कोणती हालचाल मनात येताच होते, कोणती पुन्हा पुन्हा करता येते आणि कोणती मनात येताच थांबविता येते, याची नोंद करावी. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. जी हालचाल थांबविता येत नाही, ती संगणकाला चुकीच्या आज्ञा देत राहते.

आधी बैठक, मग साधन

महागडे साधन कपाटात जाऊन पडते, त्याचे कारण पुष्कळदा साधनात नसून बैठकीत असते. धड एका बाजूला कलत असेल तर मान ते सावरण्यातच थकते, मग ती पडद्यावरील खूण काय हलविणार? कंबर मागे टेकलेली, पाय आधारावर, धड दोन्ही बाजूंनी सावरलेले, कोपराखाली आधार आणि पडदा नजरेच्या रेषेत, एवढे जमल्याशिवाय कोणत्याही साधनाची परीक्षा करू नये. जे खाटेवरच अधिक काळ असतात, त्यांच्यासाठी पडदा व साधन खाटेच्या बाजूस लवचीक दांड्यावर बसवावे लागते. अशा व्यक्तीची चाचणी खुर्चीवर घेऊन उपयोग नाही.

कामाच्या ओघात प्रकृतीच्या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष होता कामा नये. पहिली, दाबाने होणाऱ्या जखमा. संवेदना नसल्यामुळे एकाच जागी दाब पडत आहे हे कळत नाही. म्हणून दर १५ ते ३० मिनिटांनी अंगाचा भार बदलावा. त्यासाठी संगणकावरच घंटा लावून ठेवता येते. मनगटावरील पट्टा सोडल्यावर त्वचेवर लाल वण राहिला आहे काय, हेही रोज पाहावे. दुसरी, उष्णता. इजेखालील भागाला घाम नीट येत नाही, त्यामुळे वैशाखाच्या दुपारी पंख्याविना काम करणे धोक्याचे असते. तिसरी, रक्तदाबाची अचानक वाढ. पाठीच्या सहाव्या स्तरावर किंवा त्याच्या वर इजा असता, लघवीची नळी तुंबणे किंवा अंगाखाली काही रुतणे एवढ्यानेही रक्तदाब एकाएकी चढतो. डोके तीव्रपणे दुखते, चेहऱ्याला घाम फुटतो. अशा वेळी काम तत्काळ थांबवून व्यक्तीस ताठ बसवावे, कारण दूर करावे आणि त्रास न ओसरल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. सोबत काम करणाऱ्या प्रत्येकास हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ज्यांचा हात थोडा चालतो

सी-५ व सी-६ स्तरांच्या व्यक्तींना बहुधा हाताच्याच आधाराने काम करता येते. तळव्याभोवती बसणाऱ्या पट्ट्यात रबरी टोकाची काडी अडकविली म्हणजे तिने एकेक कळ दाबता येते. मनगट लोंबत असल्यास त्याला पट्टीचा आधार द्यावा लागतो. असा चामडी पट्टा गावचा चर्मकार आणि हलकी काडी गावचा सुतार करून देऊ शकतो. माप मात्र तज्ज्ञाने द्यावे. सी-६ च्या व्यक्तीचे मनगट मागे ताठ असताना बोटे ताणून सरळ करण्याचा व्यायाम घरच्यांनी आपल्या मनाने देऊ नये; त्यामुळे वर सांगितलेली आपोआप होणारी पकड सैल पडते.

माउसच्या जागी मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉल सोयीचा पडतो. तो जागचा हलत नाही आणि तळव्याच्या कडेने किंवा मुठीने फिरविता येतो. काही जणांना लहान दांड्याचे, म्हणजे जॉयस्टिकचे साधन जमते. चुकून दोन कळा दाबल्या जात असतील, तर कळांच्या जागी भोके असलेली जाळी कळफलकावर बसवितात.

यांपैकी बऱ्याच सोयी विकत घ्याव्याच लागत नाहीत. विंडोज संगणकात स्टिकी कीज ही सोय असते. तिच्यामुळे शिफ्ट व दुसरी कळ एकाच वेळी दाबण्याऐवजी एकामागून एक दाबता येतात. फिल्टर कीज या सोयीने आकडीमुळे चुकून झालेले किंवा दुबार झालेले दाब संगणक सोडून देतो. माउस कीज या सोयीने आकड्यांच्या कळांवरून पडद्यावरील बाण हलविता येतो. पडद्यावर उमटणारा कळफलकही त्यातच असतो. खरेदीचा विचार करण्यापूर्वी या सोयी चालू करून पाहाव्यात.

ज्यांची मान चालते

पुण्याजवळ खडकी येथे जखमी जवानांसाठी १९७४ मध्ये पक्षाघात पुनर्वसन केंद्र सुरू झाले. तेथील काही जवानांनी तोंडात कुंचला धरून काढलेली चित्रे अनेकांनी पाहिली असतील. ज्या मानेने चित्र रंगते, त्याच मानेने पत्रही लिहिता येते. तोंडात धरावयाची काडी हे या वर्गातील सर्वांत जुने, स्वस्त आणि वीज न लागणारे साधन होय. तिचे तोंडातील टोक दंतवैद्याकडून दातांच्या मापाने करून घेतलेले असावे. नुसती काडी चावून धरल्यास दात सरकतात व जबडा दुखतो. मोबाइलच्या पडद्यावर ती वापरावयाची असल्यास पुढचे टोक अशा पडद्यासाठी मिळते तसेच बसवावे, कारण साध्या रबराला तो पडदा दाद देत नाही. काडी फार आखूड झाली तर डोळ्यांना ताण पडतो आणि फार लांब झाली तर मानेला. म्हणून दोन-तीन लांबींच्या काड्या करून पाहाव्यात.

हनुवटीने हलविण्याचा जॉयस्टिक हा दुसरा मार्ग. तिसरा मार्ग म्हणजे डोक्याच्या हालचालीने बाण हलविणे. यात कपाळावर किंवा चष्म्यावर चमकणारा लहानसा ठिपका लावतात आणि संगणकावरील कॅमेरा त्याचा माग घेतो. साध्या कॅमेऱ्याने चेहऱ्याचाच माग घेणाऱ्या विनामूल्य प्रणालीही मिळतात. प्रथम त्यांवर सराव करून पाहणे शहाणपणाचे. बाण एका जागी क्षणभर स्थिर ठेवला की कळ दाबली गेली असे समजण्याची सोय यांत असते. हा क्षण किती लांब ठेवावा हे जुळवून घ्यावे लागते. तो फार आखूड असेल तर नको तेथे कळ दाबली जाते आणि फार लांब असेल तर काम रेंगाळते. वेदना असणाऱ्या किंवा मानेवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने या साधनांसाठी डॉक्टरांची अनुमती घ्यावी.

डोळे, फुंकर आणि एक कळ

मानही चालत नसेल तेव्हा डोळ्यांच्या हालचालीचा माग घेणारे साधन उपयोगी पडते. ते डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकून बुबुळांची दिशा ओळखते. पडदा सुमारे ५० ते ७० सेंटिमीटर अंतरावर व डोळ्यांसमोर असावा लागतो. खिडकीतून येणारे ऊन किंवा चष्म्याच्या काचेवरील चकाकी त्यात व्यत्यय आणते. डोळे पाहण्यासाठी असतात. त्यांनाच लिहावयास लावले म्हणजे ते लवकर थकतात, हेही ध्यानात ठेवावे. २०२४ पासून आयफोन व आयपॅडच्या काही प्रकारांत ही सोय अंगभूत येऊ लागली आहे. तिची अचूकता स्वतंत्र साधनाएवढी असेलच असे नाही.

नळीतून हलकेच फुंकणे किंवा ओढणे यांनी आज्ञा देण्याचे साधनही आहे. सामान्यतः फुंकर ही माउसची एक कळ आणि ओढ ही दुसरी कळ मानली जाते. श्वास दुबळा असला तरी तोंडातल्या तोंडात निर्माण केलेला दाब यास पुरतो. नळी रोज धुवावी आणि दुसऱ्या कोणास वापरू देऊ नये.

एकच हालचाल खात्रीची उरली असेल, उदाहरणार्थ गाल हलविणे किंवा खांदा किंचित उचलणे, तर एका कळीवरही सर्व संगणक चालविता येतो. पडद्यावरील अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत जातात. हवी ती ओळ आली की कळ दाबावयाची, मग त्या ओळीतील अक्षरे उजळतात. हवे ते अक्षर आले की पुन्हा दाबावयाची. समजा, प्रत्येक पायरीस एक सेकंद लागतो आणि अक्षर पाचव्या ओळीत चौथे आहे, तर ते लिहिण्यास नऊ सेकंद लागतील. तेच अक्षर पहिल्या ओळीत पहिले असते तर दोन सेकंद पुरले असते. म्हणून काना, र, क, त, ह अशी वारंवार लागणारी चिन्हे आरंभी ठेवणे हाच या पद्धतीचा प्राण आहे. जुन्या माउसच्या डाव्या कळीच्या तारा बाहेर काढून त्यांना मोठी कळ जोडणे हे काम तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थीही मार्गदर्शनाखाली करू शकतील.

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आजार वेगळा, स्नायूंच्या मज्जातंतूंचा होता. तथापि त्यांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. जानेवारी २००१ मध्ये ते मुंबईस विज्ञान परिषदेसाठी आले तेव्हा हातातील कळीने संगणक चालवीत. पुढे हात निकामी होत गेला तेव्हा गालाची हालचाल ओळखणारी कळ चष्म्यावर बसविण्यात आली. त्यांच्यासाठी तयार झालेली प्रणाली इंटेल कंपनीने २०१५ मध्ये सर्वांना विनामूल्य खुली केली. शरीर बदलले की साधनही बदलावे लागते, हा यातील धडा होय.

मेंदूतच सूक्ष्म तारा बसवून विचाराने बाण हलविण्याचे प्रयोगही होत आहेत. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने मानेची इजा झालेल्या एका तरुणावर असे रोपण केले आणि तो संगणकावर काम करू लागला. हे सारे अद्याप प्रयोगाच्या अवस्थेत आहे. त्याची वाट पाहत आजची साधने टाळणे हिताचे नाही.

आवाजाने लेखन

वाणी स्पष्ट असेल तर आवाज हा सर्वांत वेगवान मार्ग ठरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी लेखनात मराठी आणि गुजराती या भाषांचा समावेश झाला. तेव्हापासून साध्या मोबाइलवर बोलून मराठी मजकूर लिहिणे सुलभ झाले आहे. तथापि मजकूर सांगणे आणि यंत्राला आज्ञा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फाइल उघड, खाली सरक, हा शब्द पूस अशा आज्ञांसाठी वेगळी सोय लागते. ती मराठीत चालते किंवा नाही हे आपल्या यंत्रावर प्रत्यक्ष तपासावे. न चालल्यास थोड्या इंग्रजी आज्ञा पाठ कराव्या लागतात.

मानेच्या इजेत छातीचे स्नायू दुबळे होतात, त्यामुळे सलग बोलताना दम लागतो आणि सायंकाळपर्यंत आवाज बसतो. सर्दी झाली, पंखा घरघरला किंवा शेजारी चार माणसे बोलू लागली की चुका वाढतात. बऱ्याच प्रणालींना इंटरनेट लागते. शिवाय पगाराचे आकडे, गोपनीय टिपण किंवा बँकेचा परवलीचा शब्द सर्वांदेखत उच्चारता येत नाही. म्हणून केवळ आवाजावर विसंबू नये. आवाज मजकुरासाठी आणि काडी, ट्रॅकबॉल किंवा डोक्याचे साधन दुरुस्तीसाठी, अशी जोडी उत्तम. एक साधन बिघडले तरी दुसरे हाताशी असते, हा तिचा आणखी एक लाभ.

मराठी लेखन आणि अलकापुरीचे घर

परदेशात तयार झालेल्या माहितीपत्रकांत इंग्रजी लेखनाचाच विचार असतो. आपल्या लिपीचा विचार आपणच करावयास हवा. भारतीय भाषांसाठी इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक ठरविण्यात आला आहे. त्यात स्वर व मात्रा डाव्या बाजूस आणि बहुतेक व्यंजने उजव्या बाजूस आहेत. दोन्ही हातांनी लिहिणाऱ्यास ही रचना सुखाची. पण एकाच काडीने लिहिणाऱ्यास जवळजवळ प्रत्येक अक्षरासाठी डावीकडून उजवीकडे फेरी घालावी लागते. शिवाय ख, घ, ठ यांसारख्या महाप्राण वर्णांसाठी शिफ्ट लागते. स्टिकी कीज चालू असता ‘मराठी’ हा शब्द इन्स्क्रिप्टमध्ये पाच वर्णकळा व एक शिफ्ट अशा सहा दाबांत होतो. रोमन अक्षरांतून लिहिल्यास सात दाब लागतात. दाब कमी, पण फेऱ्या अधिक, असा हा हिशेब आहे. त्यासाठी आखूड कळफलक वापरणे आणि पुढचा शब्द सुचविणारी सोय चालू ठेवणे हितावह. कार्यालयात वारंवार लागणारी वाक्ये दोन-तीन अक्षरांच्या संक्षेपाने उमटतील अशी व्यवस्थाही करता येते.

इन्स्क्रिप्टचा एक मोठा गुण सीमेवरच्या व परप्रांतीय मराठी कुटुंबांना विशेष उपकारक आहे. वडोदऱ्याचे उदाहरण घ्या. गायकवाडांच्या राज्यामुळे तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या वसली आहेत. अलकापुरीतील एखाद्या मराठी घरात आईशी व नातेवाइकांशी मराठी, कचेरीत व दुकानात गुजराती आणि बँकेत इंग्रजी असा रोजचा व्यवहार चालतो. इन्स्क्रिप्टमध्ये देवनागरीतील ‘क’ ज्या कळीवर, गुजराती ‘ક’ चीही जागा तीच. तोंडातील काडीने कळांच्या जागा एकदा मानेला पाठ झाल्या म्हणजे दोन्ही भाषा त्याच सरावाने लिहिता येतात. आवाजी लेखनात मात्र भाषा बदलताना तशी निवड करावी लागते. ती निवड दुसऱ्याच्या मदतीवाचून करता येते काय, हे अशा घरात साधन घेण्यापूर्वी अवश्य पाहावे. अन्यथा मराठी पत्रानंतर गुजराती अर्ज लिहिण्यासाठी दर वेळी कोणाला तरी हाक मारण्याची पाळी येते.

चाचणी कशी घ्यावी

दुकानातील पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकावरून निर्णय करू नये. अलकापुरीसारख्या शहरी वस्तीत असो वा दूरच्या तालुक्यात, पुढील रीत कोठेही अवलंबिता येईल.

१. त्या व्यक्तीस संगणकावर कोणती तीन कामे करावयाची आहेत, हे तिलाच विचारून लिहून काढावे.

२. दोन किंवा तीन साधने मिळवून प्रत्येकावर तेच काम द्यावे. उदाहरणार्थ ५० शब्दांचा अर्ज.

३. लागलेला वेळ, चुका, दुरुस्तीचा वेळ आणि मान, खांदा वा डोळे यांचा थकवा यांची नोंद करावी.

४. चाचणी निरनिराळ्या दिवशी, सकाळी व दुपारी, ज्या जागी काम करावयाचे त्याच जागी घ्यावी.

५. साधन बसविण्यास व काढण्यास घरच्या माणसास किती वेळ लागतो, तेही पाहावे.

नुसता आरंभीचा वेग फसवा असतो. समजा, एका साधनाने पहिल्या दहा मिनिटांत ५०, दुसऱ्या दहांत ३५ आणि तिसऱ्या दहांत २० शब्द झाले. दुसऱ्या साधनाने दर दहा मिनिटांत ४० झाले. अर्ध्या तासात पहिल्याचे १०५ आणि दुसऱ्याचे १२० शब्द होतात. आणि दुसऱ्या साधनावर पुढचा अर्धा तासही काम करता येते. दिवसाच्या कामास असेच साधन योग्य. अंतिम निवड वापरणाऱ्याची असावी. नावडते साधन कितीही उत्तम असले तरी वापरले जात नाही.

कायदा, कार्यालय आणि शाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने सेवेतून काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. मूळ पदाचे काम त्यास जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर त्यास घ्यावे लागते. तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवावे लागते. शासकीय आस्थापनेने वाजवी सोयी पुरवाव्यात, असेही याच कलमात सांगितले आहे. अपघातानंतर तीन-चार महिन्यांनी रुग्णालयातून परतलेला कर्मचारी खचलेला असतो, आणि घरची मंडळी राजीनाम्याची भाषा बोलू लागतात. अशा वेळी कार्यालयप्रमुखाने राजीनाम्याचा कागद पुढे न करता त्याला कलम २० समजावून सांगावे. त्याने काय लिहावयाचे व ते कोणत्या साधनाने, याची चौकशी करणे ही सौजन्याची बाब तर आहेच, कायद्याने आलेली जबाबदारीही आहे.

शाळेसंबंधी याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक इत्यादी सोयींचा उल्लेख आहे. परीक्षा कोणत्या पद्धतीने द्यावयाची याचा पर्याय, त्यात संगणकाचाही समावेश, शक्यतो विद्यार्थ्यास असावा आणि संगणक आदल्या दिवशी तपासू द्यावा, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले होते. परीक्षा मंडळाचे चालू नियम पाहून शिक्षकांनी वर्षाच्या आरंभीच अर्ज करावा. घटक चाचण्यांपासूनच विद्यार्थी आपल्या साधनावर लिहू लागला तर अंतिम परीक्षेत ते साधन त्याला नवखे राहत नाही.

मार्गदर्शनासाठी मुंबईत हाजी अली येथील, १९५५ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रथम चौकशी करावी. वडोदऱ्यात सर सयाजीराव रुग्णालय त्या दृष्टीने जवळचे. अर्थसाह्यासाठी वैश्विक ओळखपत्र, म्हणजे स्वावलंबन कार्ड, काढून घ्यावे. सहायक साधनांसाठी केंद्राची ॲडिप योजना १९८१ पासून आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला असून गुजरातेत समाज सुरक्षा कार्यालये हे काम पाहतात. कोणते साधन कोणत्या योजनेत बसते, याची खात्री अर्जापूर्वी करून घ्यावी. अर्जासोबत वर सांगितलेल्या चाचणीची नोंद जोडल्यास मागणी का केली, हे अधिकाऱ्यास लगेच उमजते.

गावात मानेची इजा झालेली एखादी व्यक्ती असेल, तर ग्रामसेवक, शिक्षक किंवा आरोग्यसेविका यांपैकी कोणीतरी एकाने तिच्या घरी जाऊन दोन प्रश्न विचारावेत : आपल्याला कोणती हालचाल खात्रीने करता येते? आणि आपल्याला काय लिहावयाचे आहे? त्या दोन उत्तरांवरून साध्या काडीने वा घरातल्या मोबाइलने आरंभ करता येईल आणि पुढचे साधन हळूहळू ठरविता येईल. अर्ज दुसऱ्याने लिहून त्यावर त्या व्यक्तीचा अंगठा उमटविण्याऐवजी तिने तो स्वतः लिहावा, तिचे पत्र तिच्याच शब्दांत जावे आणि तिच्या खात्याचा हिशेब तिच्याच नजरेखाली राहावा, एवढ्यासाठी ही सारी खटपट करावयाची आहे.